जुनी ओम्नी चढाला दम टाकते: इंजिन खोलण्याआधी काय काय पाहायचं

गाडी सेल्फला लगेच चालू होते, आयडलला बरी असते, सोसायटीच्या गेटबाहेर पडेपर्यंत कुणाला काही जाणवत नाही. घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ लागला की मात्र पितळ उघडं पडतं. जो चढ तिसऱ्यात निघायचा तो आता दुसऱ्यातही रडतखडत निघतो. एक्सलेटर पार तळाला टेकला तरी नुसता आवाज, आणि मागचा डंपर हॉर्नवर हॉर्न. नवी मुंबईकरांना हीच परीक्षा बेलापूरच्या पारसिक हिलवर घेता येते, मुंब्र्याच्या बाजूला राहणाऱ्यांना बायपासवर.

‘पिकअप गेला’ ही तक्रार एकच असली तरी तिची रूपं वेगवेगळी आहेत. माझ्याकडे येणारे लोक साधारण असं बोलतात:

‘सपाटीला ठीक आहे, माणसं भरली की मेली.’
‘साठच्या पुढे जातच नाही, मागून कुणी धरल्यासारखी.’
‘सकाळी झकास, अर्ध्या-पाऊण तासाने दम संपतो.’
‘गॅसवर मरते, पेट्रोलवर पळते.’ किंवा नेमकं उलट.
‘आवाज चढतो, वेग चढत नाही.’
‘धक्के खाते, मिसिंग करते.’

गॅरेजात गेल्यावर यातलं आपलं वाक्य कुठलं ते नीट सांगा. नुसतं ‘ओढत नाही’ म्हटलं की समोरचा माणूस त्याला जे काम हातखंडा येतं तेच काढतो. मी कळवा, ऐरोली, दिघा या पट्ट्यात शाळेच्या, केटरिंगच्या आणि भाजीच्या जुन्या व्हॅन दुरुस्त करतो. ‘इंजिन काम काढलंय’ असा निरोप घेऊन आलेल्या गाड्यांमध्ये इंजिनाला काहीच झालेलं नाही, असं वारंवार दिसतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. फुकटात होतं ते आधी, हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवणं सगळ्यात शेवटी.

आधी गाडीची ऐपत समजून घ्या

खाली जे लिहिलंय ते ओम्नी डोळ्यासमोर ठेवून. १९८४ साली ही मारुती व्हॅन म्हणून आली, १९८८ पासून ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे अगदी शेवटची गाडीसुद्धा आता तरुण नाही. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ताकद पस्तीसेक हॉर्सपॉवर. ईको असेल तर इंजिन १.२ लिटरचं, चार सिलिंडरचं. खोलायच्या वस्तू वेगळ्या, पण तपासायचा क्रम तोच.

पस्तीस हॉर्सपॉवरमध्ये शिल्लक काही नसते. मोठ्या गाडीत एखादा प्लग अधूनमधून चुकला तर चालवणाऱ्याला कळतही नाही. इथे तिनातला एक सिलिंडर गेला म्हणजे तिसरा हिस्सा ताकद गेली, आणि राहिलेले दोघे त्या तिसऱ्यालाही ओढत बसतात. त्यामुळे लहानसा दोषही चढावर मोठा वाटतो.

दुसरं, सीएनजीवर साधारण दहा-पंधरा टक्के ताकद कमी मिळणारच. गॅस इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जागा खातो, तेवढी हवा कमी जाते. शेजारच्याच्या पेट्रोलवरच्या गाडीशी तुलना करून उपयोग नाही. आपल्याच गाडीची गेल्या वर्षीची चाल आणि आजची चाल, एवढीच तुलना खरी.

पहिली परीक्षा: इंधन बदलून तोच चढ

खर्च शून्य. एकच चढ, तेवढाच भार, तोच गिअर. एकदा पेट्रोलवर, एकदा सीएनजीवर. गाडी पूर्ण तापलेली असू द्या, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

दोन्हींवर सारखीच मेलेली असेल तर दोष दोघांच्या सामाईक वाटेत आहे: ब्रेक, क्लच, एअर फिल्टर, प्लग, सायलेन्सर, व्हॉल्व्ह. सीएनजी किटवाल्याकडे जायची गरज नाही. फक्त पेट्रोलवर मरत असेल तर टाकी, पंप, फिल्टर, इंजेक्टर किंवा कार्बोरेटर.

फक्त सीएनजीवर मरत असेल तर सगळे थेट किटवर घसरतात, आणि इथेच फसगत होते. हवा आणि गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाचा करंट लागतो. प्लग झिजला, वायर फुटली, कॉइल दमली की पेट्रोलवर गाडी कशीबशी चालते, पण गॅसवर चढाला मिसिंग सुरू होतं, म्हणजे मधूनच एखादा सिलिंडर पेटत नाही. म्हणून ‘फक्त गॅसवर’ असं उत्तर आलं तरी आधी प्लग आणि वायर, मग किट. या एका वाक्याने अनेकांचे रिड्यूसर (किटमधला गॅसचा दाब कमी करणारा भाग) वाचलेत.

आणखी एक फुकटचा पुरावा घरात पडलेला असतो: पीयूसीच्या जुन्या पावत्या. पावतीवर कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये छापलेलं असतं. गाडी पास झाली म्हणून कुणी ते आकडे वाचत नाही. मागच्या दोन-तीन पावत्या शेजारी ठेवा. हायड्रोकार्बन एकदम चढलं असेल तर कुठेतरी इंधन न पेटताच बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग किंवा गळका व्हॉल्व्ह. कार्बन मोनॉक्साइड चढलं असेल तर मिश्रण घट्ट झालंय, म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त. मात्र पेट्रोलवरची पावती पेट्रोलवरच्याच पावतीशी ताडून पाहा.

इंजिन बिचारं निर्दोष असतं ते प्रकार

टायरमधली हवा पाहा. एवढं सांगून पुढे जातो.

ब्रेकवर मात्र थांबावं लागेल. ठाण्या-नवी मुंबईच्या पावसात उघड्यावर उभी राहणारी व्हॅन आणि ओढून ठेवलेला हँडब्रेक ही जोडी वाईट. कळव्यातले एक शाळेच्या व्हॅनचे दादा मे महिन्याच्या सुट्टीत गाडी हँडब्रेक ओढून लावून गावी गेले. जूनमध्ये परत आले तोवर दोन-चार जोराचे पाऊस होऊन गेले होते. गाडी ओढेना. एका गॅरेजवाल्याने त्यांना इंजिन खोलायचा खर्च सांगून ठेवला होता. सपाट रस्त्यावर, ब्रेक जेमतेम लावत, थोडं अंतर गाडी चालवली आणि उतरून चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू नेली. मागचं उजवं चाक इतकं तापलेलं की हात जवळ ठरेना, लायनर जळल्याचा वासही होता. हँडब्रेकची केबल आवरणाच्या आत गंजून अडकली होती. लीव्हर खाली जायचा, केबल काही परत जायची नाही. केबल बदलली, ड्रम साफ केला, गाडी पूर्वीसारखी. इंजिनाला कुणी हातही लावला नाही.

तुम्ही हेच करा. ड्रमला थेट बोट लावू नका, भाजतं. डाव्या-उजव्या चाकातला फरक बघा. दोन्ही सारखी कोमट असतील तर ठीक. शंका आली तर सपाट जागी पुढच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल, मागचं एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. मागच्या चाकाबरोबर डिफरन्शिअल आणि प्रोपेलर शाफ्टही फिरतात, म्हणून ते पुढच्यापेक्षा थोडं जड लागणारच. इथेही डावं-उजवं हीच तुलना. जॅकवरच्या गाडीखाली मात्र शिरायचं नाही. पुढे डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरच्या पिना गंजून पॅड चिकटून राहतात, तेही तापण्यावरूनच कळतं. ब्रेक उघडून बसवायचं काम आधी कधी केलेलं नसेल तर दोष कुठल्या चाकात आहे एवढं ठरवून गॅरेजात जा.

आता क्लच. ‘आवाज चढतो, वेग चढत नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी हा भाग. मोकळ्या जागी, समोर माणूस नाही असं पाहून हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा किंवा चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच धड असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. बंद न पडता घरघरत राहिलं तर प्लेट घसरतेय. ही परीक्षा एकदाच, फार तर दोनदा. पुन्हा पुन्हा केली तर धड प्लेटही जळेल. मग केबल पाहा. पेडलला वरच्या बाजूला थोडा मोकळा खेळ हवाच. तो नसेल तर पाय उचलल्यावरही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. ॲडजस्टिंग नटवर खेळ मिळाला आणि घसरणं थांबलं तर काम झालं. खेळ असूनही घसरत असेल तर प्लेट संपली. त्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, ते काम गॅरेजचं.

आणि एक क्षुल्लक गोष्ट: एक्सलेटर. इंजिन बंद ठेवा, कुणालातरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि सीट उचलून (इंजिन तिच्याखालीच असतं) थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, पूर्ण उघडतोय का ते डोळ्याने पाहा. केबल ताणली गेलेली असते, नाहीतर पेडलखाली जाडजूड रबरी मॅट दुमडलेली असते. तसं असेल तर पेडल तळाला टेकतं, पण थ्रॉटल पूर्ण उघडत नाही.

हवा

मेट्रो-४ चं काम वडाळ्यापासून कासारवडवलीपर्यंत आणि पुढे गायमुखापर्यंत सुरू झालं तेव्हापासून घोडबंदर रोडच्या गाड्यांचे एअर फिल्टर मी वेगळेच ओळखतो. सिमेंटची करडी धूळ घड्यांमध्ये पक्की बसलेली असते. पुस्तिकेतले किलोमीटर धरून चालू नका. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याने त्याच्या निम्म्यात फिल्टर बघावा. प्रकाशासमोर धरा, घड्यांतून उजेड दिसत नसेल तर बदला. आतून बाहेर हवा मारून एखादा महिना ढकलता येतो. पाण्याने धुऊ नका, कागद फुगतो. फिल्टर ओला दिसला तर डबक्यातून पाणी ओढलं गेलंय का ते आधी पाहा. ठाण्यातल्या वंदना टॉकीजच्या परिसरात पाणी साचलेलं असताना घातलेल्या गाड्यांत हे दिसतं.

फिल्टरबरोबर त्याच्या तोंडाची नळीही बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर तिथे चिंध्या आणि फोम कोंबून ठेवतात. नवा फिल्टर टाकून गाडी सुधारली नाही आणि नळीत उंदराचं घरटं सापडलं, हे मी पाहिलेलं आहे.

नवा फिल्टर काही शे रुपयांत येतो. जुन्या पद्धतीच्या, मिक्सरवाल्या सीएनजी किटमध्ये हवा कमी झाली की मिश्रण लगेच घट्ट होतं, त्यामुळे अशा गाडीत फिल्टरचा परिणाम पटकन दिसतो.

एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या) गाडीत इथेच आणखी एक गोष्ट पाहून घ्या: इनटेकपासून मॅप सेन्सरकडे (आतल्या हवेचा दाब मोजणारा) जाणारी बारीक रबरी नळी. इंजिन सीटखाली कोंडलेलं, उष्णता जबर. रबर कडक होऊन टोकाला चिरतं. इंजिन चालू असताना तिथे सुस्स आवाज येत असेल तर नळीचं चिरलेलं टोक कापून पुन्हा बसवा, किंवा नळी बदला.

प्लग, वायर आणि करंट

माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथून मिळते, म्हणून घाई करू नका. इंजिन थंड होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग जोर लावून काढला तर आटे निघून येतात आणि दोनशेचं काम हजारोंवर जातं. काढण्याआधी प्लगच्या खळग्यातली धूळ हवा मारून उडवा.

तिन्ही प्लग काढले की ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने कागदावर मांडा, खाली पेनाने नंबर टाका. आता नीट बघा. तिन्ही फिकट तपकिरी असतील तर जळण बरोबर. गॅसवर चालणाऱ्या गाडीत रंग थोडा जास्त पांढुरका असतो, त्याला घाबरू नका. तिन्ही काळे, कोरडे, काजळलेले असतील तर मिश्रण घट्ट. परत हवेकडे जा. एकच काळा आणि ओला असेल तर त्या सिलिंडरमध्ये आग लागत नाहीये. ओलं म्हणजे काय ते वास घेऊन ठरवा: पेट्रोलचा वास असेल तर करंट नाही, तेलकट चिकटपणा असेल तर ऑइल वर येतंय. पांढऱ्या चिनी मातीवर केसासारखी काळी रेघ दिसली तर तिथून करंट बाहेरून पळतोय, तो प्लग फेकून द्या. मधली काडी गोल झाली असेल, कडा राहिल्या नसतील, तर प्लगचं आयुष्य संपलं.

प्लगच्या टोकांमधला गॅप फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. पुस्तिकेत दिलेलं माप ठेवा; सीएनजीवर सतत चालणाऱ्या गाडीत तो त्याहून किंचित कमी ठेवतात, म्हणजे करंटला उडी सोपी जाते. प्लग बसवताना आधी हाताने फिरवून आटे पकडू द्या, पाना नंतर.

आता वायर. रात्री, दिवे बंद करून, सीट उचलून इंजिन चालू करा आणि स्प्रेच्या बाटलीने वायरींच्या आसपास पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या किंवा लगेच मिसिंग सुरू झालं तर वायरी गेल्या. हात लांब ठेवा. करंट जिवावर बेतला नाही तरी दचकून हात फिरत्या भागात जायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात सकाळी मिसिंग आणि दुपारी ठीक, अशी गाडी असेल तर दोष बहुतेक इथेच असतो.

कार्बोरेटरवाल्या जुन्या गाडीत डिस्ट्रिब्यूटरची (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप उघडा. आत ओल, हिरवट बुरशी, रोटरच्या टोकावर जळका खड्डा, कॅपमध्ये काळी रेघ, काहीही दिसलं तर कॅप-रोटर बदला. त्याच्या बाजूला व्हॅक्युमची छोटी डबी असते. तिची नळी काढून तोंडाने ओढून पाहा. ओढलेली हवा धरून राहत नसेल तर आतला पडदा फाटलाय आणि ठिणगीचं टायमिंग पुढे सरकत नाहीये. गाडी सुस्त होते, पेट्रोल जास्त खाते आणि कुठेही डोळ्याला काही दिसत नाही, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं राहून जातो.

कुठला सिलिंडर काम करत नाही ते शोधायला एकेक सिलिंडर बंद करून पाहतात. एमपीएफआय गाडीत इंजेक्टरचा कनेक्टर काढा, प्लगची वायर नको. वायर काढली की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा भाग) जाऊन पेटतं. ज्याचा कनेक्टर काढल्यावर इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच गप्प आहे.

चेक इंजिनचा दिवा लागत असेल तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. पण कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव येतं तोच बदलायचा असं नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड बऱ्याचदा मिसिंगमुळे येतो. सेन्सर फक्त घडलेलं सांगत असतो.

पेट्रोलची बाजू

गॅसवाल्यांच्या टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने पडून असतं. आताचं पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ती कमी नाही. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं, आणि पंप ओढतो तळातूनच. वर टाकीचा गंज. सीक्वेन्शियल किटची (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणाऱ्या) गाडी आधी पेट्रोलवर चालू होऊन तापल्यावर गॅसवर जाते, म्हणून सकाळी पहिली पाच मिनिटं वाईट आणि मग सुतासारखी सरळ, असं होत असेल तर पेट्रोलकडे बघा.

स्वस्त उपाय असा: जुनं पेट्रोल संपवा, ताजं थोडं थोडं भरा, आणि रोज काही किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा. फिल्टर बदला. रबरी नळ्या दाबून पाहा. जुन्या गाड्यांची रबरं इतक्या इथेनॉलसाठी बनवलेली नाहीत, मऊ, चिकट किंवा फुगलेली वाटली तर लगेच बदला. इंजिन सीटखाली आहे हे विसरू नका. इथली गळती म्हणजे बुडाखाली आग. टाकी रिकामी करायचं काम तोंडाने नळी ओढून घरी करू नका, गॅरेजात करा. पंपाचा दाब मोजायला गेज लागतं, तेही तिथेच.

सीएनजीची बाजू, आणि इथली हद्द

तुम्ही फक्त दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, गॅस किती उरलाय. पंपावर साधारण २०० बारपर्यंत भरतात. गर्दीच्या वेळी लाइनचा दाब कमी असला की कमी भरला जातो, आणि सिलिंडर संपत आला की चढाला गाडी ढेपाळते. भरल्या भरल्या पळते आणि शेवटी शेवटी मरते, असं असेल तर फिल्टर तुंबलाय किंवा रिड्यूसर थकलाय. दुसरी, लो-प्रेशर फिल्टर शेवटचा कधी बदलला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइल थोडं थोडं येतं, ते फिल्टरमध्ये आणि रिड्यूसरच्या तळाला साचतं. किटवाल्याने वेळच्या वेळी ते काढायला हवं. बरेच जण काढत नाहीत, कारण कुणी विचारत नाही.

याच्या पुढे हात लावायचा नाही. सिलिंडर, व्हॉल्व्ह, स्टीलची पाइप, रिड्यूसरचा हाय-प्रेशर भाग यातला एकही नट घरी सैल करायचा नाही. गॅसचा वास आला तर इंजिन बंद, सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद, दारं उघडी, माणसं बाहेर, आणि गाडी चालू न करता मान्यताप्राप्त किट सेंटरला फोन. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. तारीख उलटून गेली असेल तर पिकअपची चिंता नंतर करा. मॅपिंग, म्हणजे किती गॅस सोडायचा ते सेट करणं, लॅपटॉपवर होतं, पण प्लग-फिल्टर नवे करूनच ते करून घ्या. आजारी इंजिनावर मॅपिंग केलं तर प्लग बदलल्यावर पुन्हा पैसे द्यावे लागतात.

श्वास सोडायला जागा नसेल तर

‘मागून कुणी धरल्यासारखी, ठरावीक वेगापुढे जातच नाही’ म्हणणाऱ्यांनी सायलेन्सर बघावा. आतली जाळी गंजून सुटते आणि वाट अडवते, किंवा कन्व्हर्टर आतून वितळून बंद होतो. कन्व्हर्टर आपण होऊन क्वचितच जातो. आधी कित्येक महिने मिसिंग असतं, न जळलेलं इंधन तिथे जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. म्हणजे मिसिंगचं कारण न काढता नवा कन्व्हर्टर टाकला तर तोही जाईल.

घरी एवढंच: मोकळ्या हवेत, थंड इंजिन चालू करून सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब तळहात धरा. रेस दिल्यावर झोत वाढायला हवा. नुसती कोमट फुंकर येत असेल तर शंका घ्या. मेकॅनिककडे व्हॅक्युम गेज असेल तर धडधाकट इंजिन आयडलला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं. रेस चढवून स्थिर धरल्यावर काटा हळूहळू खाली सरकत राहिला तर वाट बंद आहे. सायलेन्सरचा पुढचा जोड सैल करून घरी चाचणी घेऊ नका. या गाडीत तुम्ही इंजिनाच्या डोक्यावर बसता, धूर सरळ केबिनमध्ये येतो.

टॅपेट

गॅसवर वर्षानुवर्षं चालवलेली गाडी, प्लग नवे, फिल्टर नवा, तरी थंड असताना बरी आणि तापल्यावर मेली. अशा वेळी हेड उतरवण्याच्या गप्पा सुरू होतात. थांबा आणि आधी टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधला, गॅप मोजायला सांगा.

पेट्रोल आत येताना व्हॉल्व्ह आणि त्याची सीट (बंद होताना तो टेकतो ती कडी) थोडे थंड ठेवतं. गॅस कोरडा. त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये आत-आत बसत जातो. तो आत गेला की त्याची दांडी वर येते आणि रॉकरमधला गॅप कमी होतो. गॅप संपला की तापून लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. तिथून दाब निसटतो, आणि निसटणारी आगच व्हॉल्व्हची कड जाळते. गंमत अशी की सैल टॅपेट टकटक करतो म्हणून मालक धावत येतो. घट्ट झालेला टॅपेट गप्प असतो, ‘इंजिन किती शांत चाललंय’ म्हणून मालक खूश असतो.

या इंजिनात स्क्रू आणि नटने टॅपेट सेट करता येतात. इंजिन पूर्ण थंड, झाकण काढायचं, ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत त्याचा गॅप फिलर गेजने मोजायचा, पुस्तिकेतल्या मापाला आणायचा, झाकणाचं गॅस्केट नवं टाकायचं. ज्याने आधी कुणाच्या हाताखाली हे केलंय त्याने करावं. पहिल्यांदाच करणार असाल तर अनुभवी मेकॅनिककडून करून घ्या, पण शेजारी उभे राहा आणि सेट करण्याआधीचे सहाही गॅप लिहून घ्या. एखाद्या व्हॉल्व्हला गॅप शून्य निघाला तर तुमचं दुखणं सापडलं. वेळेत सापडलं तर एका तासाच्या मजुरीत गाडी परत येते. उशीर झाला असेल तर गॅप ठीक करूनही कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) येत नाही, कारण व्हॉल्व्ह जळून गेलेला असतो.

इथून पुढे मेकॅनिक

कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, इंधन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. या अटी न पाळता घेतलेला आकडा फसवा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. एकच खूप खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर रिंग-बोअर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत), नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन एकत्र खाली असतील तर त्या दोघांमधलं हेड गॅस्केट. तिन्ही सारखेच खाली असतील आणि नुकतंच टायमिंग बेल्टचं काम झालं असेल, तर बेल्ट एखादा दात सरकून बसलाय का ते आधी बघायला सांगा.

पुढीलपैकी काही दिसलं तर वरचं काहीही करत बसू नका, गाडी बंद करून टो करून न्या: टेम्परेचरचा काटा वर, ऑइलचा दिवा लागलेला, इंजिनाच्या आतून ठोके, ऑइलच्या काडीवर चहासारखं दुधाळ पाणी, सायलेन्सरमधून सतत पांढरा दाट धूर, पेट्रोल किंवा गॅसचा वास. तापलेल्या इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडू नका.

मेकॅनिकला देताना कागदावर लिहून द्या: कुठल्या इंधनावर, थंड की गरम, रिकामी की भरलेली, आणि आतापर्यंत काय काय बदललं. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन लिहून मागा, हेड उतरवण्याआधी. आकडे न घेताच हेड उतरवू म्हणणारा असेल तर गाडी तिथून काढा आणि दुसरीकडे आधी मोजून घ्या. काम निघालंच तर गाडीचं वय बघा. पंधरा वर्षं झाली असतील तर पुन्हा नोंदणीचा खर्चही त्याच वर्षी उभा राहतो, तो धरून मग बोअर करायचं की नाही ते ठरवा.

दुरुस्तीनंतर तोच चढ, तेवढ्याच भाराने, दोन्ही इंधनांवर चढवून बघा. टॅपेट सेट केले असतील तर हजारेक किलोमीटरनंतर गॅप पुन्हा मोजा. तेवढ्यात एखादा परत घट्ट झाला असेल तर त्या व्हॉल्व्हची सीट संपलेली आहे, आणि तेव्हा हेडला हात लावण्यावाचून इलाज नाही.